लिंबाच्या पलीकडची गल्ली

चैत्र लागला की पवनेच्या धरणाचं पाणी मागं सरायला लागतं. आधी काठाला ओल्या मातीची करडी पट्टी दिसते. ती वाळते, तिला भेगा पडतात, भेगांतून हिरवं काहीतरी उगवतं आणि कुणाच्या तरी म्हशी त्यावर चरायला उतरतात. मग एके दिवशी मधल्या उंचवट्यावरचं जुनं देऊळ डोकं वर काढतं. रविवारी पुण्याकडची पोरं मोटारसायकली थेट तळात घालतात, देवळापुढं फोटो काढतात आणि लोहगडवाडीला जाऊन पिठलं-भाकरी खातात. त्यात वाईट काही नाही. त्यांच्या दृष्टीनं ती पाण्यातून निघालेली गंमत आहे. माझ्या आईचं ते माहेर आहे.

यंदाही पाणी उतरलंय. परवा कामाच्या निमित्तानं त्या रस्त्यानं आले, गाडी बाजूला घेतली आणि जरा वेळ उभी राहिले. उन्हानं तळ पांढरा पडला होता. करवंदांच्या जाळ्यांतून पोरं ओरडत होती, वर डोंगराला वणवा लागून गेल्याचे काळे पट्टे होते. आणि मला वास आला तो जुन्या सागाचा. तिथं साग नव्हता. करवतीचं पातं तापून सागाची कड जराशी करपली की उकळलेल्या चहापत्तीसारखा कडवट वास सुटतो, तो वास. काही वर्षांपूर्वीचा एक सबंध उन्हाळा मी त्या वासात काढलाय. त्या उन्हाळ्यात आम्ही काही माणसांनी मिळून एक गाव कापलं होतं. लाकडात.

लाकडाशी माझा संबंध तसा उशिरा आला. मी बी.एस्सी. आहे, रसायनशास्त्र घेऊन. आमच्या घरात, आमच्या अख्ख्या वस्तीत माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. हे मी सांगताना आवाज खाली करत नाही. वडील रेल्वेत गँगमन होते, ते लवकर गेले. आईनं लोकांच्या खाचरात भात लावून मला शिकवलं. पुढं तळेगावच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी लागली, बेगडेवाडीला स्वतःचं घर झालं. छंद हा शब्द मात्र आमच्या घरात कधी आला नाही. आई म्हणायची, "काम म्हंजे काम आन् झोप म्हंजे झोप. मधलं काय आसतं?"

मधलं काय असतं ते मला लोणावळ्यात कळलं. नव्या घरासाठी दारावरची पाटी करून घ्यायला मी राजूभाऊंकडे गेले होते. त्यांचा चिक्कीचा कारखाना आहे, आणि कारखान्याच्या माळ्यावर त्यांनी हौसेनं लाकूड कापायची चारपाच यंत्रं मांडून ठेवलीत. मी कागदावर नाव लिहून दिलं. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाले, "नाव तुमचं, मग मी कशाला कापू? बसा की मॅडम." मी बसले. आडनावातली एक वेलांटी तुटली. ती तुटकी पाटी अजून माझ्या दारावर आहे.

स्क्रोल सॉ म्हणजे शिवणयंत्राची चुलत बहीण म्हणा. दोऱ्याच्या जागी एक बारीक पातं, कापडाच्या जागी लाकूड. पातं आपली जागा सोडत नाही, तिथल्या तिथं वरखाली होत राहतं. वळवायचं असतं लाकडाला, दोन्ही तळहातांनी, सावकाश. घाई केली की पातं तुटतं. मान वाकवून त्या एकसुरी घरघरीत बसलं की डोक्यातला गोंगाट हळूहळू तळाला जातो. आठवडाभर कंपनीत मी बाटल्या हलवते आणि दुसऱ्यांनी ठरवलेल्या आकड्यांशी आपले आकडे जुळवते. माळ्यावर माझ्या हातून एक पान निघायचं, एक मोर निघायचा, आणि त्याची चौकशी करायला कुणी यायचं नाही.

कुणी नाही, म्हणजे साहेब कुणी नाही. माणसं होती. दर रविवारी सकाळी सातआठ जण जमायचो. खालून गूळ आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास जिन्यानं वर यायचा. दिवसभरात सगळ्यांच्या भुवयांवर भुसा बसायचा आणि सगळे एका वयाचे दिसायला लागायचे. आमचे दोनच कायदे. पहिला, कुणाचंही पातं तुटलं की सगळी यंत्रं बंद आणि चहा. त्यामुळे पातं तुटलेल्याला वाईट वाटायची सोयच नव्हती, उलट उशीर झाला की राजूभाऊ ओरडायचे, "अरे तोडा कुणीतरी, घसा सुकला!" दुसरा कायदा असा की कामात कुणीही कुणाला मदत करावी, भोकं पाडून द्यावीत, घासून द्यावं, पण शेवटचा काप ज्याची वस्तू त्यानंच घ्यायचा. तिथं हात घालायचा नाही.

आमच्यात जातपात नव्हती असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे न विचारता सगळं कळतं. राजूभाऊंना माझं आडनाव पाटीवरूनच कळलं होतं. पण यंत्रावर मान वाकली की समोरच्याचे हात तेवढे दिसतात, आणि तिथं कोण कसं वळण घेतो याला महत्त्व होतं. माझ्या शेजारच्या यंत्रावर आबा बसायचे. वय सत्तरीच्या पुढं, रेल्वेत फिटर म्हणून निवृत्त झालेले, घरची शेती असलेले. फार बोलायचे नाहीत. माझ्या पात्याचा ताण सैल आहे हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. हात न लावता म्हणायचे, "पोरी, आवळ."

आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला तो त्या उन्हाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. मी दवाखान्याच्या पायरीवर रडले. आई रडली नाही. घरी आल्यावर तिनं मिठाच्या डब्याला दोरा बांधला आणि साखरेच्या डब्याला रबर लावलं. भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जायची, दाराची कडी डोळे मिटून काढायची. मी म्हटलं, "अगं, अजून दिसतंय ना तुला?" तर म्हणाली, "दिसतंय तवर शिकायचं. न दिसल्यावर कोन शिकवतंय?" महिन्याभरात तिचं घर हातांनी पाठ झालं. मग एका संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून म्हणाली, "घर झालं. गाव तेवडं ऱ्हायलं."

तिचं गाव धरणात गेलं तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. त्यानंतर ती त्या बाजूला फारशी फिरकली नव्हती. आता मात्र तिला ते हवं होतं, आणि दिवस थोडे होते. चैत्राच्या शेवटी पाणी बरंच उतरलं तसं मी तिला गाडीत घालून काठावर नेलं. ऊन रणरणत होतं. तिनं पदराची सावली करून पुष्कळ वेळ पाहिलं.

"देऊळ दिसतंय का गं आई?"

"चकाकतंय लय."

"ते बघ, माझ्या बोटाच्या रेषेत."

"देऊळ ऱ्हाऊ दे. आमचं घर कुटं हाय त्ये दाव."

मला ते कसं दाखवता येणार? मी ते गाव कधी पाहिलेलंच नाही. परत येताना ती कामशेतच्या फाटकाशी म्हणाली, "डोळं मिटलं की दिसतं. पर हात लावाया काय न्हाई."

पुढच्या रविवारी चहाच्या वेळी मी हे माळ्यावर सांगितलं. सहज सांगितलं, माणसं सांगतात तसं. आबांनी बशी खाली ठेवली. "कुटलं गाव म्हनलीस?" मी नाव सांगितलं. आबा त्याच गावचे निघाले. वर्षभर मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसत होते, त्यांच्या पिशवीतल्या शेंगा खात होते, आणि आमच्या दोघांच्या बुडालेल्या गावाचं नाव एकच आहे हे ना त्यांनी विचारलं, ना मी.

"मग लाकडात करू की," राजूभाऊ म्हणाले. "घरं, गल्ल्या, नदी, सगळं. हाताला लागेल असं. एकेक घर सुटं, उचलून परत बसवता येईल असं." कुणीतरी म्हणालं, एका माणसाला दोन वर्षं लागतील. राजूभाऊ म्हणाले, "एका माणसाला."

आई पहिल्यांदा माळ्यावर आली तेव्हा तिनं पांढरी नऊवारी नेसली होती. कठडा धरून जिना चढली, वर येऊन हात जोडले आणि म्हणाली, "जय भीम." आबा उठून उभे राहिले. "रामराम. बसा शेवंताबाई."

आई बसली, खुर्चीच्या पाठीला पाठ लावून. "बाई कवापासनं झाले मी? गावात आसताना 'ए पोरी' म्हनायचा तुमी."

"तवा तुमी पोरगीच हुता."

"आन् तुमी काय म्हातारं हुता व्हय? मॅट्रिकची पुस्तकं घिऊन घोडीवरनं मिरवायचा."

"घोडी न्हाई, सायकल हुती."

"आमाला घोडीच वाटायची. आमी खाली बगायचो ना." माळा हसला. आबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

आबांनी नकाशा आधीच काढून आणला होता, खाकी कागदावर, फिटरच्या हाताचा, ठाशीव. नदीचं वळण, देऊळ, चावडी, पाटलांचा चौक, सुताराचं घर, पाणवठा, वाण्याचं दुकान, एकेका घराची पडवीसुद्धा. मला थक्क व्हायला झालं. रेषा आईला दिसत नव्हत्या, म्हणून राजूभाऊंनी त्यावरून पातळ प्लायचा एक कच्चा नमुना कापून ठेवला होता. आईनं त्यावर बोटं फिरवली. नदीपाशी थांबली, ओढ्यावरून गेली, आणि ओढ्याच्या पलीकडं तिच्या हाताला एक लांबट गुळगुळीत तुकडा लागला. त्यावर काहीच नव्हतं. तिनं तो दोनदा चाचपला.

"ह्ये काय?"

"तुमची वस्ती," आबा म्हणाले.

"वस्ती एका लाकडाची आसती व्हय?"

खाली कामगार चिक्कीच्या वड्या पाडत होते, तो सुरीचा ठकठक आवाज वर येत होता. आई रागावली नव्हती. ती माझ्याशी बोलताना असते तशी, हिशेबी आवाजात म्हणाली, "तुमचा दोस न्हाई. तुमी कदी आलाच न्हाई तिकडं. न बगितलेलं काडनार कसं?"

आबांनी त्या तुकड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "न्हाई आलो खरं."

मग आई सांगायला लागली आणि मी काढायला लागले. ओढ्यावरची फरशी, तिच्या वर उंबर. उंबराखाली तक्क्या, म्हणजे वस्तीची बसाउठायची जागा, आणि तिथंच पुढं बाबासाहेबांची तसबीर लागली. तक्क्याला पाठ करून तिचं घर, कुडाच्या भिंतींचं. डाव्या हाताला चुलत्याचं, त्याच्या मागं म्हातारीचं, जिच्या दारात पारिजातक होता. तिला बारीकसारीक सगळं आठवत होतं, कुणाच्या उंबऱ्याला खोक पडली होती तेसुद्धा. मग मी विचारलं, "आणि ओढा ओलांडून गावात आल्यावर? देवळाकडं जाताना?"

"लिंबापातुर ठावं हाय. चावडीम्होरच्या. त्याच्या म्होरं न्हाई."

मी शिकलेली, सगळं वाचलेली. पण आपल्या आईच्या डोक्यातल्या गावालाही कुठंतरी कोरा तुकडा असेल हे माझ्या मनात आलं नव्हतं. दोघांच्या आठवणी एकत्र केल्या तेव्हा कुठं एक गाव भरलं. एवढं लहान गाव, आणि दोघांनी त्याचं अर्धं अर्धंच पाहिलं होतं.

भांडण झालं ते अंतरावरून. आबांच्या नकाशात वस्ती गावापासून चांगली दूर होती, फळीच्या पार कडेला. आई म्हणाली, एवढी लांब नव्हती.

"लांबच हुती. ओढ्यापल्याड, पार तिकडं."

"लांब कुटं? तुमच्या ओट्यावरनं हाक मारली की आमाला आयकू यायची. आयकू यायची म्हनून तर यावं लागायचं."

आबा ऐकेनात, आई सोडेना. राजूभाऊ म्हणाले, मग मधलं काहीतरी धरू या. दोघंही एकदम त्यांच्यावर ओरडले. गाव काय चिक्की आहे का, मधोमध तोडायला?

म्हणून वैशाखातल्या एका सकाळी आबा आणि मी धरणाच्या तळात उतरलो. पाणी पार आत गेलं होतं. देवळापासून चालायला सुरुवात केली. चौथऱ्यांच्या ओळी दिसत होत्या, एका जागी जातं पालथं पडलं होतं, वाळक्या गाळात शिंपले होते. लिंब नव्हता, त्याचा बुंधा तेवढा दगडासारखा काळा होऊन राहिला होता. निघताना आबांनी सवयीनं तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि मळत चालायला लागले. चावडी ओलांडली, बुंधा ओलांडला, ओढ्याचा कोरडा खड्डा उतरून चढलो. पलीकडं ओळीत चुलींचे दगड होते, अजून काजळलेले वाटावेत असे. आबा थांबले. मागं वळून देवळाकडं पाहिलं. त्यांच्या तळहातावरची तंबाखू अजून मळून झाली नव्हती.

त्यांनी ती तोंडात टाकली नाही. हात झटकला. "येवडंच हुतं व्हय," म्हणाले, आणि ते मला उद्देशून नव्हतं. मग एका चुलीपाशी उकिडवे बसले आणि दगडाला हात लावून बघितला. मी लांब उभी राहिले.

त्या दिवसानंतर काम जोरात सुरू झालं. गाव सोडताना ज्यांची घरं सागवानी होती त्यांनी दारं, तुळया, खांब गाडीत घालून नेले होते. आबांच्या घरच्या एका तुळईचा तुकडा त्यांच्या गोठ्यात पडून होता. त्यांनी तो वखारीत नेऊन फळ्या पाडून आणल्या. वरून राखाडी, आत मधासारखा. म्हणाले, सगळं गाव यातून निघेल, वस्तीसुद्धा. आईनं फळीवर हात फिरवला, वास घेतला.

"झ्याक हाय. पर तुमच्या घराचं लाकूड माज्या घराला नगं."

"का गं शेवंता?" पहिल्यांदाच ते तिला नुसत्या नावानं बोलले.

"आमच्या घराला तुळई न्हवती म्हनून."

मग ती माझ्याकडं वळली. "तुजं टेबल हाय की."

ते टेबल शिवणीच्या लाकडाचं. मी अकरावीला गेले तेव्हा आईनं सुताराकडून करून घेतलं होतं, एका पावसाळ्याच्या लावणीच्या बदल्यात. परीक्षेच्या दिवसांत, चैत्राच्या उन्हात पत्रा तापायचा, मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन त्या टेबलाशी सूत्रं घोकायची आणि आई दाराच्या चौकटीत बसून वाटेनं जाणाऱ्या पोरांना हळू बोला म्हणून दटावायची. तिला अक्षर येत नव्हतं. माझं पान उलटलं की तिला बरं वाटायचं. टेबलावर शाईचे डाग होते, कंपासनं कोरलेले बेंझीनचे षटकोन होते. पदवीचा कागद मी लॅमिनेट करून कपाटात टाकलाय. टेबल मात्र पुसून खिडकीत ठेवलं होतं. मी म्हटलं, "ते नको आई."

"का? शिकून झालं की. आता काय लोनचं घालतीस का त्येचं?"

दोन रविवार मी ते टेबल आणलं नाही. कारणं सांगितली. तिसऱ्या रविवारी आईनं सकाळी उठून, चाचपडत, त्यावरची पुस्तकं खाली उतरवून ठेवलेली होती. मी पाय सुटे केले आणि वरची फळी गाडीत घातली.

तो उन्हाळा कसा गेला ते सांगायला मला धड येत नाही, कारण त्यात घडलं असं फार थोडं. सगळे आपापली कामं बाजूला ठेवून गाव कापत होते. कुणी पायऱ्या घासत होतं, कुणी नदीचं पात्र कोरत होतं. आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी देऊळ मागून घेतलं आणि तीन वेळा बिघडवलं. चहा भरपूर झाला. आई खिडकीत बसून तयार झालेली घरं एकेक करून हातात घ्यायची. "ह्येचा ओटा उंच कर." "हितं पायरी न्हवती, उतार हुता." सागाची घरं बोटाला गार आणि तेलकट लागायची, शिवणीची हलकी आणि कोरडी. तिला गाव आणि वस्ती नुसत्या स्पर्शानं वेगळी कळायची. मला ते आधी खटकलं. मग वाटलं, ठीक आहे, होती तशीच आहे. अंतर मात्र आता खरं होतं. तक्क्यावर अंगठा ठेवला की तिची करंगळी लिंबाला टेकायची. वस्तीतल्या एका घराच्या भिंतीवर माझ्या षटकोनाचा कोपरा आला होता. तो घासायला घेतला तर तिनं हात धरला.

तिची नजर त्या दोन महिन्यांत भराभर उतरली. आधी माणसांचे चेहरे गेले, मग खिडकी कुठं आहे तेवढंच कळायला लागलं. ज्येष्ठात काम संपत आलं. सगळं बसलं होतं, फक्त लिंबापासून देवळापर्यंतची गल्ली कापायची राहिली होती. ती फळीच्या पार मधे होती. मधला काप बाहेरून घेता येत नाही. आधी एक भोक पाडायचं, पातं वरून सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा आवळायचं, मग सुरुवात. आबांनी लिंबाच्या जागी भोक पाडलं, पातं ओवलं, ताण बघितला आणि बाजूला झाले.

"शेवटचा काप," राजूभाऊ म्हणाले. "वस्तू कुणाची?"

सगळ्यांनी आईकडं बघितलं. मी म्हटलं, "अहो, तिला दिसत नाही." राजूभाऊ म्हणाले, "कायदा आहे." आई तोवर उठली होती.

मी तिला स्टुलावर बसवलं, पातं कुठं आहे ते तिच्या नखाला लावून दाखवलं. लाकूड कसं धरायचं ते सांगितलं. मला तिचे हात धरायचे होते. तिनं धर म्हटलं नाही, आणि न मागता तिथं कुणी हात घालत नाही. मी माझे हात पाठीमागं बांधून घेतले. यंत्र सुरू झालं. भात लावताना ती जशी ओणवी व्हायची तशी ती पुढं वाकली आणि कान पात्याशी नेला. लाकूड हललं. लिंबाच्या पुढं पातं निघालं. ती फार हळू जात होती, मधेच थांबत होती, पुन्हा जात होती. उजवीकडं गेली, डावीकडं आली. कुणाचं दुसरं यंत्र चालू नव्हतं. देवळाच्या पायरीशी पातं टेकलं तेव्हा आबा म्हणाले, "पोचलीस. बास."

तिनं हात वर घेतले. "वाकडं झालं का?"

रेघ चांगलीच वाकडी होती. आबा वाकले, गल्लीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "गल्ली वाकडीच हुती."

खरंच होती का, मी त्यांना कधी विचारलं नाही. आईनं सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या बाजूचा काप त्याच वळणानं पूर्ण करून मधली पट्टी सोडवली. आईनं तिच्या रिकाम्या जागेत बोट घातलं आणि लिंबापासून देवळापर्यंत गेली. मग परत आली. मग पुन्हा गेली. चेहऱ्यावर काही नव्हतं. राजूभाऊंनी त्या दिवशी पातं न तुटताच चहा केला.

गाव घरी आलं. बैठकीच्या खोलीत, मोठ्या पाटावर, कडेनं सागाची चौकट. आई रोज दुपारी त्याच्यापाशी बसायची, घरं काढायची, हातात धरायची, परत बसवायची. केस जाणार नाही अशी फट होती आणि त्याचा आम्हा सगळ्यांना फार अभिमान होता.

आषाढ लागला. आमच्याकडं आषाढात चपला बुरसतात, काडी पेटत नाही, कपाटाचं दार ओढावं लागतं. एका दुपारी आईनं मला हाक मारली. "ए, ह्ये निगंना." ती आपलं घर उचलायला बघत होती. मी नखं घातली, सुरीचं टोक घातलं. निघेना. दुसरं घर, देऊळ, चावडी, सगळं जागच्या जागी घट्ट. लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगलं होतं. चिक्कीच्या भट्टीवरच्या माळ्यावर बाराही महिने हवा सुकी ठणठणीत, त्यामुळे तिथल्या आम्हा शहाण्यांपैकी एकालाही पावसासाठी फट सोडायचं सुचलं नव्हतं.

रविवारी आबा आणि राजूभाऊ घरी आले. राजूभाऊंनी पाटावर टिचकी मारून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "लोणावळ्यात जन्म गेला माझा, आणि हे विसरलो. आठ दिवस द्या मावशी. माळ्यावर वाळवतो, कडा घासतो, पुन्हा सगळं सुटं करून देतो."

आबा खाली मांडी घालून बसले होते. "व्हय शेवंता, करतील. आमचीच चूक हाय."

आईनं दोन्ही तळहात पसरून गावावर ठेवले, एक ओढ्याच्या अलीकडं, एक पलीकडं, आणि जरा जोर देऊन बघितलं. काही हललं नाही.

"नगं," ती म्हणाली. "एकदा हाललं तेवडं बास झालं."